आजारपणाची रजा (भारत)

आजारपणाची रजा (बोलीभाषेत 'सिक लीव्ह', 'मेडिकल' किंवा 'आजारी रजा') म्हणजे आजार, शस्त्रक्रिया किंवा दुखापत यांमुळे काम करणे शक्य नसताना कर्मचाऱ्याला मिळणारी अनुपस्थितीची परवानगी होय. या काळात त्याची नोकरी सुरक्षित राहते आणि नियमांनुसार पूर्ण किंवा अंशतः वेतन, अथवा वेतनाऐवजी विम्याचा लाभ मिळतो. भारतात सर्व कर्मचाऱ्यांना सारखाच लागू पडणारा आजारपणाच्या रजेचा स्वतंत्र कायदा नाही. कर्मचारी सरकारी आहे की खासगी, कारखान्यात आहे की दुकानात, आणि त्याचे वेतन किती आहे, यांवर त्याचा हक्क ठरतो.

या रजेवरून मालक व कर्मचारी यांच्यात झालेल्या न्यायालयीन वादांत एक गोष्ट वारंवार आढळते. कर्मचारी खरोखर आजारी होता की नव्हता, हा प्रश्न बहुधा दुय्यम राहतो. त्याची गैरहजेरी परवानगीची होती का, त्याने वेळेत कळवले का आणि कोणत्या डॉक्टरचा कागद सादर केला, यांवर निकाल अवलंबून असतो.

संज्ञा

महाराष्ट्रातील शासकीय सेवेत 'आजारपणाची रजा' या नावाचा स्वतंत्र रजाप्रकार नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ नुसार सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी २० दिवसांची अर्धपगारी रजा खात्यात जमा होते. वैद्यकीय प्रमाणपत्र सादर केल्यास ही रजा पूर्ण पगारी रजेत बदलून घेता येते. तिला परिवर्तित रजा म्हणतात. अशा एका दिवसासाठी अर्धपगारी रजेचे दोन दिवस वजा होतात. कार्यालयांत आणि शाळांत 'मेडिकल टाकली' असे जे म्हटले जाते, ते बहुधा या परिवर्तित रजेविषयीच असते. वैद्यकीय कारणावरून घेतलेल्या रजेनंतर कामावर रुजू होताना स्वास्थ्य प्रमाणपत्र (फिटनेस) द्यावे लागते. रजा शिल्लक नसल्यास असाधारण रजा, म्हणजेच बिनपगारी रजा, हा पर्याय उरतो.

नैमित्तिक रजा (किरकोळ रजा, 'सीएल') ही आजारपणासाठी नसते, तरी ताप, पोटदुखी, दातदुखी यांसारख्या एकदोन दिवसांच्या दुखण्यांसाठी प्रत्यक्षात तीच वापरली जाते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

भारतात या मागणीचा एक जुना आधार मुंबईच्या गिरणगावात सापडतो. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा झाल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. आठवड्याची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, कामाच्या वेळेची मर्यादा आणि वेळेवर पगार यांबरोबरच त्यात आणखी एक मागणी होती. कामावर जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि तो कायमचा अपंग झाल्यास त्याच्या उदरनिर्वाहाची सोय व्हावी, अशी ती होती. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. जखमी कामगाराच्या मागणीला कायद्याचे रूप येण्यास मात्र १९२३ साल उजाडले. त्या वर्षीच्या कामगार नुकसानभरपाई अधिनियमाने कामावरील अपघात आणि ठरावीक व्यवसायजन्य रोग यांसाठी भरपाईची तरतूद केली. साध्या आजाराचा त्यात समावेश नव्हता. मलेरिया किंवा विषमज्वर झालेल्या कामगाराला त्या कायद्याचा उपयोग नव्हता.

लोखंडे यांचे निधन १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत झाले. त्या साथीत हजारो कामगार मुंबई सोडून गावी गेले. कामगार मिळेनासे झाल्याने काही गिरण्यांनी रोजच्या रोज मजुरी चुकवण्यास सुरुवात केली. आजाराच्या भीतीपुढे गिरणीमालकांना नमते घ्यावे लागल्याचा हा विरळा प्रसंग होय.

गिरण्यांतील बदली पद्धतीचा आजारपणाशी जवळचा संबंध होता. कायम कामगार गैरहजर राहिला की त्याच्या जागी दारावर थांबलेल्या बदली कामगाराला घेतले जाई. एकाचे दुखणे हा दुसऱ्याचा रोजगार असे. साहजिकच कायम कामगाराला दीर्घ आजारपणात आपली जागा जाण्याची धास्ती असे. बदलीवाल्याला तर स्वतः आजारी पडण्याची मुभाच नव्हती.

आजारपणाच्या विम्याचा विचार आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९२७ च्या करारांनंतर भारतातही सुरू झाला. प्रत्यक्ष योजना मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आकाराला आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विमा योजना तयार करण्याचे काम सोपवण्यात आले. त्यांचा अहवाल १९४४ मध्ये सादर झाला. त्याच्या पायावर कर्मचारी राज्य विमा अधिनियम, १९४८ संमत झाला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर येथे पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते योजनेचे उद्घाटन झाले. कानपूरबरोबरच दिल्लीतही ती सुरू झाली. आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात ती १९५४ मध्ये प्रथम नागपूरला आणि त्याच वर्षी मुंबईत आली.

कर्मचारी राज्य विमा योजना

या योजनेला कामगार वर्गात 'ईएसआय' किंवा 'कामगार विमा' म्हणतात. जानेवारी २०१७ पासून दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेले कर्मचारी तिच्या कक्षेत येतात. जुलै २०१९ पासून कर्मचाऱ्याच्या वेतनातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के वर्गणी घेतली जाते.

सहा महिन्यांच्या वर्गणी-कालावधीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असल्यास, संबंधित लाभ-कालावधीत आजारी कर्मचाऱ्याला सरासरी दैनिक वेतनाच्या ७० टक्के दराने आजारपणाचा लाभ मिळतो. त्याची मर्यादा वर्षाला ९१ दिवस आहे. क्षयरोग, कर्करोग, कुष्ठरोग, काही मानसिक आजार अशा ठरावीक ३४ दीर्घ आजारांसाठी ८० टक्के दराने वाढीव मुदतीचा लाभ दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. आजारपणाचे पहिले दोन दिवस प्रतीक्षेचे असतात. त्यांचे पैसे मिळत नाहीत. मागील आजारपण संपून पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आजारपण आले, तर मात्र ही अट लागू होत नाही.

या आकड्यांचा प्रत्यक्ष अर्थ उदाहरणाने स्पष्ट होईल. रोज ६०० रुपये मिळवणारा कामगार दहा दिवस विषमज्वराने अंथरुणावर पडला आणि डॉक्टरने दहाही दिवसांचे प्रमाणपत्र दिले, तर पहिले दोन दिवस वगळून आठ दिवसांचे ४२० रुपयांप्रमाणे ३,३६० रुपये त्याच्या हाती येतात. कामावर असता तर ६,००० रुपये मिळाले असते. एकदोन दिवसांच्या तापासाठी विम्याचा काहीच उपयोग नाही, हेही यावरून दिसते. अशा वेळी कामगार गोळी घेऊन कामावर जाणे पसंत करतो.

लाभ घेणाऱ्यावर काही बंधने असतात. ज्या दिवशी त्याने काम केले किंवा वेतन घेतले, त्या दिवसाचा लाभ मिळत नाही. त्याला उपचार चालू ठेवावे लागतात, प्रकृतीला अपाय होईल असे काही करता येत नाही आणि परवानगीशिवाय उपचाराचे क्षेत्र सोडता येत नाही. शेवटची अट सकृतदर्शनी किरकोळ वाटते. परंतु मुंबई, भिवंडी किंवा इचलकरंजीत एका खोलीत आठदहा जणांसह राहणारा स्थलांतरित कामगार आजारी पडला की सेवाशुश्रूषेसाठी गावी जातो, ही साधी वस्तुस्थिती तिच्या रचनाकारांच्या फारशी ध्यानात आलेली दिसत नाही. पुढे उल्लेखिलेल्या अनेक वादांचे मूळ अशा गावी जाण्यातच आहे.

कारखाने व दुकाने

कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये आजारपणाची वेगळी रजा नव्हती. वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस या प्रमाणात मिळणारी वार्षिक भरपगारी रजा आजारपणासाठी हवी असल्यास, आगाऊ अर्ज केलेला नसला तरी ती द्यावी, एवढी सवलत होती. महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापनांसाठी २०१७ चा राज्य कायदा आहे. त्यात वर्षाला आठ दिवसांची नैमित्तिक रजा आणि ४५ दिवसांपर्यंत साठवता येणारी अर्जित रजा यांची तरतूद असून आजारपणाच्या रजेची नाही. कर्नाटकाच्या अशाच कायद्यात आजारपणासाठी वर्षाला १२ दिवसांची रजा स्पष्टपणे दिलेली आहे. बेळगावच्या दुकानातील नोकराला जो हक्क आहे, तो कोल्हापूरच्या नोकराला नाही.

अनेक मोठ्या कंपन्या, बँका आणि माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील आस्थापना स्वतःच्या सेवानियमांनुसार किंवा कामगार संघटनेबरोबरच्या करारानुसार आजारपणाची रजा देतात. ती कायद्याने नव्हे, तर कराराने मिळालेली असते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या असून कारखाने, विमा आणि औद्योगिक विवाद यांविषयीचे जुने केंद्रीय कायदे त्यांत सामावले गेले आहेत. व्यवसायसुरक्षाविषयक संहितेनुसार वार्षिक रजेच्या पात्रतेसाठी २४० ऐवजी १८० दिवसांचे काम पुरेसे ठरते. पुढील निकाल जुन्या कायद्यांच्या आधारे दिलेले आहेत.

गैरहजेरी की आजारपण : न्यायालयीन वाद

आस्थापनांच्या स्थायी आदेशांत रजेशिवाय सलग दहा दिवसांहून अधिक गैरहजेरी हे गैरवर्तन मानलेले असते. काही स्थायी आदेश याहूनही पुढे जात. सलग आठ दिवस परवानगीशिवाय गैरहजर राहिलेल्या कामगाराने 'नोकरी सोडली असे समजण्यात येईल', असे कलम त्यांत असे. त्यामुळे कामावरून काढण्याचा आदेशही काढावा लागत नसे. हजेरीपटावरून नाव कमी केले की काम झाले.

विमा अधिनियमाच्या कलम ७३ नुसार आजारपणाचा लाभ घेत असलेल्या कामगाराला त्या काळात बडतर्फ करण्यास, कमी करण्यास किंवा शिक्षा करण्यास मालकाला मनाई होती. हे कलम आणि 'नोकरी सोडली असे समजण्याचे' कलम यांची गाठ मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक गिरणीच्या खटल्यात पडली. मंजूर रजेनंतर परत न आलेल्या एका कामगाराने आजारपणाचे प्रमाणपत्र सादर केले होते आणि विमा योजनेने ते मान्यही केले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये निकाल गिरणीच्या बाजूने दिला. कलम ७३ हे मालकाने केलेल्या शिक्षात्मक कारवाईला लागू पडते. येथे स्थायी आदेशामुळे नोकरी आपोआप संपली, मालकाने कारवाई केलीच नाही, असा त्याचा आशय होता. विम्यासाठी ग्राह्य धरलेले प्रमाणपत्र मालकाला बंधनकारक ठरतेच असे नाही, हेही या निकालातून पुढे आले. परिणामी एकच मनुष्य एका कायद्याच्या दृष्टीने आजारी आणि दुसऱ्याच्या दृष्टीने नोकरी सोडून गेलेला ठरला.

सरकारी नोकरांबाबत न्यायालयाची भूमिका लवकर बदलली. जय शंकर विरुद्ध राजस्थान राज्य (१९६६) या खटल्यात वैद्यकीय कारणावरून रजा वाढवत गेलेल्या तुरुंग कर्मचाऱ्याला नियमानुसार 'आपोआप' सेवेबाहेर ठरवण्यात आले होते. त्याचे म्हणणे ऐकून न घेता असे करणे म्हणजे राज्यघटनेच्या अनुच्छेद ३११ चा भंग होय, असे न्यायालयाने म्हटले. खासगी कामगाराला मात्र हे संरक्षण नव्हते. रॉबर्ट डिसूझा विरुद्ध दक्षिण रेल्वे (१९८२) या खटल्यात, गैरहजेरीच्या कारणावरून पटावरून नाव कमी करणे हीदेखील कामगारकपातच आहे, असा निर्णय झाला. त्यामुळे नोटीस आणि भरपाई देणे आवश्यक ठरले.

निर्णायक वळण डी. के. यादव विरुद्ध जे. एम. ए. इंडस्ट्रीज (१९९३) या निकालाने आले. आठ दिवसांहून अधिक गैरहजेरीमुळे नोकरी आपोआप संपते, असे स्थायी आदेशात लिहिलेले असले तरी चौकशी न करता आणि कामगाराला बाजू मांडण्याची संधी न देता तसे करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. उपजीविकेचा हक्क हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग आहे, हा त्यामागचा आधार होता. कामगाराला निम्म्या मागील वेतनासह कामावर परत घेण्याचा आदेश झाला. कृष्णकांत परमार विरुद्ध भारत सरकार (२०१२) या निकालाने पुढची पायरी गाठली. आजार, अपघात, रुग्णालयात दाखल होणे अशा अपरिहार्य कारणांमुळे झालेली गैरहजेरी हेतुपुरस्सर म्हणता येत नाही आणि हेतू सिद्ध झाल्याशिवाय ती गैरवर्तन ठरत नाही, असे त्यात म्हटले आहे.

याचा अर्थ मालकाची बाजू नेहमी दुबळी असते असा नाही. दिल्ली परिवहन महामंडळ विरुद्ध सरदार सिंग (२००४) या खटल्यात वारंवार, पूर्वपरवानगीशिवाय गैरहजर राहणाऱ्या कर्मचाऱ्यांवरील कारवाई न्यायालयाने उचलून धरली. वाहक-चालक न आल्यास बस आगारातच उभी राहते आणि प्रवासी ताटकळतात. पैसे देऊन मिळवलेल्या खोट्या प्रमाणपत्रांची तक्रारही निराधार नाही. अशा प्रमाणपत्रांमुळे खऱ्या आजाऱ्याच्या कागदाकडेही संशयाने पाहिले जाते.

प्रमाणपत्र आणि कळवण्याची पद्धत

वरील निकालांवरून असे दिसते की चौकशीत कर्मचाऱ्याची बाजू सावरणारे किंवा बुडवणारे पुरावे साधे असतात. आजारी पडल्याचे पहिल्या एकदोन दिवसांत लेखी कळवलेले असणे, प्रमाणपत्रावर आजाराचे स्वरूप व विश्रांतीची मुदत नमूद असणे, मुदत वाढल्यास ती संपण्यापूर्वी दुसरे प्रमाणपत्र पाठवणे आणि मालकाच्या नोटिशीला उत्तर देणे, या गोष्टी निर्णायक ठरतात. कामावर परतताना मागच्या तारखांचे एकच प्रमाणपत्र सादर करणे हा सर्रास आढळणारा प्रकार असून चौकशीत तोच सर्वांत दुबळा ठरतो. प्रमाणपत्राबाबत शंका असल्यास मालक कर्मचाऱ्याला दुसऱ्या वैद्यकीय तपासणीस पाठवू शकतो. शासकीय सेवेत त्यासाठी जिल्हा शल्यचिकित्सक किंवा वैद्यकीय मंडळ असते.

आजारपणामुळे सेवासमाप्ती

औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मधील कामगारकपातीच्या व्याख्येतून 'सततच्या अनारोग्यामुळे' केलेली सेवासमाप्ती वगळण्यात आली होती. त्यामुळे दीर्घ आजारी कामगाराला कपातीची भरपाईही मिळत नसे. राजस्थान राज्य परिवहन महामंडळाच्या दृष्टी अधू झालेल्या बसचालकांचा खटला (आनंद बिहारी, १९९१) या बाबतीत महत्त्वाचा आहे. ही सेवासमाप्ती या अपवादात मोडते, हे न्यायालयाने मान्य केले. तथापि नोकरी करता करता दृष्टी गमावलेल्या चालकांना पर्यायी काम किंवा भरपाई न देता घरी पाठवणे अन्यायाचे आहे, असे सांगून त्यांच्यासाठी सोय करण्याचा आदेश दिला. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला काढता येणार नाही, त्याला समान वेतनाच्या दुसऱ्या पदावर घ्यावे, अशी तरतूद १९९५ च्या आणि नंतर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात झाली.

मुंबई उच्च न्यायालयाचा १९९७ चा एम. एक्स. विरुद्ध झेड. वाय. हा निकालही उल्लेखनीय आहे. एका सार्वजनिक महामंडळाने एचआयव्हीबाधित हंगामी कामगाराचे नाव यादीतून कमी केले होते. दोन्ही पक्षांची नावे गुप्त ठेवून चाललेल्या या खटल्यात, काम करण्यास सक्षम असलेल्या व्यक्तीला केवळ संसर्गाच्या कारणावरून नोकरी नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. पुढे २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने नोकरीतील अशा भेदभावाला मनाई केली.

दाद मागण्याची ठिकाणे

विम्याच्या लाभाविषयीचा वाद कर्मचारी विमा न्यायालयाकडे जातो. नोकरीवरून काढल्याचा वाद समेट अधिकाऱ्यामार्फत कामगार न्यायालयात नेता येतो. महाराष्ट्रात १९७१ च्या अनुचित कामगार प्रथाविषयक कायद्याने ९० दिवसांच्या आत थेट तक्रारीचीही सोय केली. शिक्षक मात्र 'कामगार' नाहीत. गोव्यातील एका शिक्षिकेच्या खटल्यात (सुंदरांबल, १९८८) सर्वोच्च न्यायालयाने शाळा हा उद्योग असला तरी शिक्षक हा कामगार नव्हे, असे ठरवले. महाराष्ट्रातील खासगी शाळांच्या कर्मचाऱ्यांना १९७७ च्या कायद्यानुसार शाळा न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करावे लागते. ही मुदत अल्प असून आजारी कर्मचाऱ्याच्या बाबतीत ती दुखण्यातच निघून जाण्याचा संभव असतो.

आजारी असताना काम करणे

रजा नसल्यामुळे किंवा पगार कापला जाण्याच्या भीतीने आजारी असतानाही कामावर जाणे, ही या विषयाची दुसरी बाजू होय. तिची न्यायालयीन नोंद जवळजवळ होत नाही, कारण कामावर आलेल्या माणसाविषयी मालकाची तक्रार नसते. अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार संसर्गजन्य आजार झालेल्या व्यक्तीने अन्न हाताळू नये आणि अन्न हाताळणाऱ्यांची वार्षिक वैद्यकीय तपासणी व्हावी. तथापि कावीळ झालेल्या आचाऱ्याने घरी बसावे असे सांगणारा हा नियम, त्या दिवसांचा रोज कोणी द्यावा याविषयी काही सांगत नाही.

मराठवाड्यातील ऊसतोड कामगारांत ही स्थिती सर्वांत तीव्र आहे. बीड व लगतच्या जिल्ह्यांतून हंगामात पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकात जाणाऱ्या या कामगारांना मुकादमाकडून आगाऊ 'उचल' मिळते. पती-पत्नीची जोडी म्हणजे एक 'कोयता', असा हिशेब असतो आणि मजुरी तोडलेल्या उसाच्या टनावर ठरते. जोडीतील एकाने एक दिवस काम बुडवले तर त्याला 'खाडा' म्हणतात आणि त्याबद्दल दंड कापला जातो. २०१९ च्या सुमारास तो दिवसाला ५०० रुपयांच्या आसपास असल्याचे वृत्तांत प्रसिद्ध झाले. येथे आजारपणाची रजा बिनपगारीही नाही. मजुरी बुडते आणि वर दंड भरावा लागतो. मासिक पाळी, गर्भारपण किंवा गर्भाशयाचे विकार यांमुळे पडणारे खाडे टाळण्यासाठी आणि पुढचे उपचार परवडत नाहीत म्हणून तरुण स्त्रियांनी गर्भाशय काढून टाकल्याचे प्रकार उघडकीस आल्यावर, राज्य शासनाने २०१९ मध्ये विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले.

कर्मचारी राज्य विमा अधिनियमातून हंगामी कारखाने वगळलेले होते आणि त्यांच्या व्याख्येत साखर व गूळ तयार करणाऱ्या कारखान्यांचा नावानिशी उल्लेख होता. ऊस तोडणारा मजूर तर कारखान्याच्या पटावरही नसतो. त्याचा व्यवहार मुकादमाशी आणि बहुधा तोंडी असतो. त्यामुळे त्याच्या खाड्याचा वाद कोणत्याही कामगार न्यायालयापर्यंत क्वचितच पोहोचतो.